पहिलं उत्तर

लिएपायाच्या बंदर-कचेरीत, वरच्या मजल्यावर
एक पेटी आहे. आत आठ डिस्क
आणि आठांना हाकणारं एक हिरवं कार्ड,
ज्याच्या कंपनीचं नाव आता कुणी लावत नाही.
माहितीपुस्तिका होती म्हणे.
छप्पर गळलं, तिचा लगदा झाला.

डिस्कवर एकवीस वर्षांचा समुद्र आहे,
दर दहा मिनिटांना एक आकडा.
जुनं मशीन बसलं,
नव्याचं कर्नेल या कार्डाला ओळखच देत नाही.
"लिगिता, तू दुभाषी हो," साहेब म्हणाले
आणि सुट्टीवर गेले.

दुभाषी! एक बाजू भडाभडा बोलते,
दुसरी ताकास तूर लागू देत नाही.
मी पत्ते चाचपते: शून्य, चार, आठ, बारा,
परक्या घरात, वीज गेल्यावर, भिंतीवरून हात फिरवावा तसे.
इथे लिहिलं की मोटर घुमते.
इथे लिहिलं की काहीच नाही.
इथे लिहिलं की सगळंच गोठतं,
पडद्यावरचा बाणसुद्धा.
मग बटण दाबून धरायचं, चहा टाकायचा,
पुन्हा श्रीगणेशा.

कर्नेलमध्ये चुकायला अंगण नसतं.
वरचा एखादा प्रोग्रॅम चुकला तर एकटा मरतो.
माझा पाय घसरला
तर घर खाली येतं.

तिसऱ्या आठवड्यात ते वाचू लागलं.
वाचू लागलं, पण एक पाऊल मागे:
मी सातव्या खंडाचं विचारते,
ते सहाव्याचं "झालं" माझ्या हातावर ठेवतं,
आणि मी सहाव्याचीच शिळी पानं
सातवा म्हणून मांडून ठेवते.
चूक पकडायला पायरीपायरीवर एक ओळ छापली,
चूक गायब.
ओळी पुसल्या, ये रे माझ्या मागल्या.
जणू कुणी बघत असलं
की ते नीट वागतं.

शेवटी कार्डाच्या पाठीवर, कथलाच्या ठिपक्यांशेजारी
हाताने कोरलेली दोन अक्षरं दिसली.
त्या दोन अक्षरांमागे चार फोन,
आणि पाचवा कुल्डिगाच्या वृद्धाश्रमात.
इल्ग्वार्स. तपासणी विभाग. वय शहाऐंशी.

"पहिलं उत्तर टाकून दे," तो म्हणाला, मी नाव सांगायच्या आत.
"ते मागच्या प्रश्नाचं असतं.
थोडं थांब. परत विचार. दुसरं खरं."
"हे कुठे लिहिलं का नाही?"
"आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं,"
आणि तो हसला, खोकला,
खोकत राहिला.
मी विचारलं, "कसे आहात तुम्ही?"
"बरा आहे."
मी आभार मानले. फोन ठेवला.

दोन ओळी लागल्या फक्त.
एकदा वाचायचं, कुठेही न ठेवता.
चाळीस मायक्रोसेकंद.
पुन्हा वाचायचं.
वर टिपण लिहिलं: पहिली नोंद शिळी असते.
कारण विचारू नका, काढू नका.
इल्ग्वार्स, तपासणी विभाग.

रात्री एकला समुद्र यायला लागला.
पातळी, पातळी, पातळी,
मध्येच एक ऑक्टोबर, धक्क्याच्याही वर चढलेला,
मग पुन्हा शांत, सेंटिमीटर-सेंटिमीटरने.
बाहेर वारा खिडकीची कडी वाजवत होता.
मी राईच्या पावाचा कोरडा तुकडा चघळत
आकडे सरकताना बघत बसले,
आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास कुठेतरी
तो आवाज पुन्हा कानात आला,
फार चटकन आलेला,
बरा आहे.

कुल्डिगाची पहिली बस सात-दहाला आहे.
अजून पाच वर्षं वाचायची राहिलीत.